बॅग परत देणारा माणूस

२ मार्च, रविवार

आज मी एकच बॅग सात वेळा पोलिसांना परत दिली!

सहा वेळा चुकलं. पहिल्यांदा बॅग देताना मला हसूच आलं. दुसऱ्यांदा रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. तिसऱ्यांदा मी म्हणालो, "साहेब, ही घ्या, सुट्टे नाहीत." एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टरकी केली, तोंडातून दुसरं काय येणार? श्रीशैल डोक्याला हात लावून खाली बसला. "काका, सुट्टे नाही हो! 'साहेब, ज्याचं आहे त्याला द्या.' एवढंच म्हणायचंय."

श्रीशैल म्हणजे माझ्या बायकोच्या, गिरिजाच्या, थोरल्या बहिणीचा मुलगा. लग्नाचे व्हिडिओ काढतो. लग्नं नसली की सिनेमा काढतो. हा सिनेमा बारा मिनिटांचा, नाव 'दोन नंबरची बॅग'. एका पेन्शनर नवरा-बायकोला गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागे चोरीच्या पैशांची बॅग सापडते. बायको म्हणते ठेवू. नवरा म्हणतो परत देऊ. अकरा मिनिटं भांडण आणि बाराव्या मिनिटाला पोलीस. नवरा मी. बायकोच्या कामासाठी गिरिजाला विचारलं होतं. ती म्हणाली, "तुमच्याशी अकरा मिनिटं भांडायला मला कॅमेरा कशाला लागतोय?" मग कॉलेजातल्या एक मॅडम आणल्या.

आणि इन्स्पेक्टर कोण? आमच्या कॉलनीतले चादरवाले बाळासो! मिशी आहे, पोट आहे, म्हणून. वर्दी भाड्याची. खालची दोन बटणं लागेनात म्हणून त्यांना टेबलामागे बसवलं.

बॅगेत रद्दी, वर खोट्या नोटांचा एक थर.

सातव्यांदा मात्र जमलं. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. श्रीशैल ओरडला, "काका, कमाल!" पाणी उन्हानं आलं होतं. मी रुमाल काढून डोळे टिपले.

३ मार्च, सोमवार

उजवा खांदा दुखतोय. प्रामाणिकपणा जड असतो.

११ मार्च, मंगळवार

सकाळी दूधवाला पाया पडला. मला वाटलं, उधारी मागायची नवी पद्धत. तर त्यानं मोबाईल पुढं केला. बघतो तो मीच! बाळासोंच्या टेबलापुढं उभा, हातात बॅग, डोळ्यांत पाणी. चाळीस सेकंद. सिनेमाचं नाव नाही, श्रीशैलचं नाव नाही. वर मोठ्या अक्षरांत — 'सोलापूरच्या निवृत्त कंडक्टरचा प्रामाणिकपणा! लाखोंची बॅग पोलिसांच्या स्वाधीन! खरे सोलापूरकर असाल तर दहा जणांना पाठवा!'

श्रीशैलला फोन लावला. तो म्हणाला, "मी नुसता ट्रेलर टाकला होता काका. कुणीतरी पुढचं-मागचं कापलं. पण चाळीस हजार लोकांनी बघितलंय! आठ दिवस गप्प बसा ना. फुकट जाहिरात होतीय."

मी म्हणालो, हे बरोबर नाही.

मग पुन्हा एकदा बघितलं. काम चांगलं झालंय हो.

१२ मार्च, बुधवार

आज मनावर घेतलं, भेटेल त्याला खरं सांगायचं.

पेन्शनसाठी बँकेत गेलो. मॅनेजर उठून उभे राहिले! म्हणालो, "साहेब, तो सिनेमा आहे." ते शिपायाला म्हणाले, "बघ, किती साधा माणूस! चहा आण." किराणा दुकानात सांगितलं. दुकानदार म्हणाला, "अप्पा, मोठेपणा लपवून लपत नसतो." वैरागच्या चुलतभावाचा फोन आला. त्याला सांगितलं, अरे बॅगेत रद्दी होती. तो चिडला. "आम्हाला काही द्यायला लागू नये म्हणून रद्दी सांगतोस व्हय?" आणि फोन ठेवला.

बाळासोंचं तर वेगळंच. भाजी मंडईत एका खऱ्या होमगार्डनं त्यांना सलाम ठोकला. मी विचारलं, मग तुम्ही काय केलंत?

"मी पण ठोकला. माणसाचा सलाम वाया घालवायचा नसतो."

१६ मार्च, रविवार

पहिला सत्कार. आमच्या कॉलनीचा ज्येष्ठ नागरिक संघ. अध्यक्ष कोण, तर बाळासो! व्हिडिओत ज्यानं बॅग घेतली तोच माणूस स्टेजवर मधल्या खुर्चीत बसलाय आणि समोरच्या दीडशे लोकांतल्या एकालाही कळेना! वर्दी नव्हती ना. लोक वर्दी बघतात, तोंड कोण बघतो?

मी खरं बोलायच्या तयारीनं गेलो होतो. चिठ्ठी लिहून नेली होती. 'मित्रहो, एक गैरसमज दूर करायचा आहे.' पण आधी शाल आली. मग नारळ. मग हार. मग गुच्छ. दोन्ही हात भरले, चिठ्ठी खिशात. तेवढ्यात तोंडापुढं माईक आला. आपोआप तोंडातून निघालं, "मी फक्त माझं कर्तव्य केलं."

टाळ्या थांबेनात.

आणि हे खोटं कुठं आहे? काम करायला घेतलं होतं, ते केलं. म्हणजे कर्तव्यच.

१७ मार्च, सोमवार

गिरिजानं शाल उजेडात धरून बघितली. "बाळासोंच्या दुकानातलीच की. खपत नव्हती वाटतं."

२१ मार्च, शुक्रवार

चौथा सत्कार, शाळेत. हा सयाजीरावांनी घडवून आणला. सयाजीराव आमच्या भागाचे भावी नगरसेवक. अकरा वर्षं भावीच आहेत. चौकात फ्लेक्स लागलाय. त्यांचा फोटो माणसाएवढा, माझा खाली गोलात, पोळीएवढा. 'प्रामाणीकपणाचा पुतळा' — 'णि' चुकलाय. पुतळा कशाला म्हणायचं? मी जिवंत आहे.

एका मुलीनं हात वर केला. नाव संस्कृती, सातवी ब.

"आजोबा, तुम्ही बॅग उघडून बघितली का?"

"बघितली."

"मग किती पैसे होते?"

"मोजले नाहीत, बाळा."

गुरुजींनी रुमाल डोळ्यांना लावला. रद्दी कोण मोजतो? मी एक शब्दही खोटं बोललो नाही. हल्ली खोटं न बोलता बोलणं मला चांगलं जमायला लागलंय.

२३ मार्च, रविवार

पुण्याहून महेश्वरीचा फोन. "पप्पा, ऑफिसात सगळ्यांना दाखवलं! पण हे श्रीशैलदादाचं शूटिंग ना?"

मी म्हणालो, होय.

"मग सांगा की लोकांना!"

"सांगतो ना. रोज सांगतो. ऐकत कुणी नाही."

फोन ठेवल्यावर आठवून बघितलं. शेवटचं कुणाला सांगितलं होतं? चौदा तारखेला, न्हाव्याला. त्यानंतर कुणालाच नाही.

२५ मार्च, मंगळवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

गिरिजा बहिणीकडं गेली होती. दुपारी दोनच्या सुमाराला निंगव्वा आली. आमच्याकडं भांडी घासते, अजून दोन घरं करते. मूळची दुधनीची. मराठी बोलता बोलता मध्येच कन्नडमध्ये शिरते आणि बाहेर यायचं विसरते. भांडी झाली की अक्कलकोट रोडला एका बंद यंत्रमागाच्या कारखान्यात झाडलोट करायला जाते. मालकाला कारखाना विकायचाय, म्हणून स्वच्छ ठेवतो.

डोक्यावर घमेलं, वर पोतं. आत आली, दार लोटून घेतलं. पोतं काढलं. खाली निळी बॅग.

"अप्पा, हे बघा."

चेन ओढली. नोटा! खऱ्या! पाचशेच्या गड्ड्या, रबर लावलेल्या. कुबट वास आला. श्रीशैलच्या नोटांना वास नव्हता.

"कुठं सापडली?"

"कारखान्यात की. सुताचं वेस्टेज पडलंय न्हवं, त्याच्या खाली. झाडू अडकला, म्हटलं काय हाय बघावं."

मला लगेच आठवलं. आठवड्यापूर्वी पेपरात होतं, एका सूत व्यापाऱ्याची पेढी फोडली, रोकड नेली. हीच ती.

"मग पोलिसांत का नाही गेलीस?"

माझ्याकडं अशी बघायला लागली, जणू मीच मुलखाचा वेडा. "मी गेले तर म्हनतील हिनंच चोरली. तुमी गेला तर हार घालत्यात. बघितलं की मी मोबाईलमधी. तुमी लई खरं मानूस हाय अप्पा."

तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. निंगव्वा, ते खोटं होतं, चल आपण दोघं मिळून जाऊ. तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात ती वाकली आणि पायाला हात लावला. चाळीस सेकंदांच्या व्हिडिओवर विश्वास ठेवून एवढे पैसे डोक्यावरून घेऊन आली होती बाई. वाटेत एक नोट काढली असती तरी कुणाला कळलं नसतं.

मी म्हणालो, "कुणाला बोलू नकोस. मी बघतो."

"न्हाई बोलत. सिद्धरामेश्वराची आण."

जाताना सकाळची राहिलेली भांडी घासून गेली.

बॅग माळ्यावर ठेवली. संध्याकाळी गिरिजानं विचारलं तर म्हणालो, श्रीशैलची आहे, शूटिंगची.

२६ मार्च, बुधवार

सकाळी बॅग पोत्यात घालून ठाण्याकडं निघालो. खरंच निघालो होतो. कोपऱ्यावर बाळासोंचं दुकान. त्यांनी हाक मारली. गेलो आणि सांगून बसलो.

बाळासोंनी शटर अर्धं खाली ओढलं. चादरींच्या ढिगाऱ्यावर बसले. बराच वेळ मिशीवरून हात फिरवत होते.

"अप्पा, ही देवाची कृपा आहे!"

"कशी?"

"उद्या कुणी ते सिनेमाचं उकरून काढलं तर? तुम्ही सहा शाली घेतल्या. मी वर्दी घातली. तोंड कुठं लपवायचं आपण? आता खरी बॅग आलीय. ती जाहीर द्यायची! स्टेजवर! पेपरवाल्यांपुढं! एकदा खरी दिली की मागच्या खोट्याला कोण विचारतोय?"

मला पटलं. लिहायला लाज वाटते, पण लगेच पटलं. चुकीचं तिकीट फाडलं तर पुढच्या स्टॉपला बरोबर फाडून द्यायचं, तसं.

पण कार्यक्रम म्हटला की सयाजीराव पाहिजेत. ते पाडव्याच्या शोभायात्रेच्या गडबडीत, नंतर देवदर्शनाला. सहा एप्रिलच्या रविवारी मोकळे.

"म्हणजे अजून अकरा दिवस?"

"तोवर बॅग काय पळून जातीय?"

परत आलो. बॅग पुन्हा माळ्यावर.

२७ मार्च, गुरुवार

बॅग उघडून बघितली नाही. बघावीशी वाटली, एवढंच.

२९ मार्च, शनिवार

निंगव्वा आली नाही. गिरिजानं भांडी घासली आणि सगळ्या जगाला बोल लावला.

पेपरात बातमी. चोर सापडला. म्हणतो, बॅग अक्कलकोट रोडच्या बंद कारखान्यात लपवली होती, पण पोलिसांना तिथं नेलं तर नाही! तिथं जाणाऱ्या-येणाऱ्यांची चौकशी सुरू आहे.

तिथं जातं कोण? एक वॉचमन आणि एक निंगव्वा.

३० मार्च, रविवार. पाडवा

गुढी उभारली. पुरणपोळी झाली. गिरिजानं काल माळा झाडला होता. जेवताना म्हणाली, "श्रीशैलला सांगा ती निळी बॅग घेऊन जायला. धूळ खातीय."

चौकात नवा फ्लेक्स. 'भव्य नागरी सत्कार. रविवार ६ एप्रिल.' या वेळी माझा फोटो परातीएवढा. 'णि' बरोबर आहे, मी स्वतः प्रूफ बघितलं.

१ एप्रिल, मंगळवार

निंगव्वा मागच्या दारानं आली. उभीच राहिली.

"अप्पा, दिलं का?"

"रविवारी देणार."

"रविवारी? आज मंगळवार हाय की!"

"कार्यक्रम आहे निंगव्वा. मोठे साहेब येणार, पेपरवाले येणार. तुझंसुद्धा नाव घेणार मी."

"माझं नाव नको अप्पा. रोज ठाण्यात बसवत्यात मला. सकाळी जाते, दिवस बुडाला की सोडत्यात. बॅग बघितली का, बॅग बघितली का. मी न्हाई म्हनते. तुमी म्हटलेलं, बोलू नको म्हणून." मग म्हणाली, "दोन घरची कामं गेली. पोलिसाकडं जानारी बाई कोन ठेवतंय?"

मी म्हणालो, आता मधले चारच दिवस.

"तुमचे चार दिवस बारकं असत्यात अप्पा. माजे लई मोठे असत्यात."

खिशातून शंभराच्या दोन नोटा काढून पुढं केल्या. माझ्या खिशातून, माझ्या पेन्शनच्या. तिनं त्यांच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, घेतल्या नाहीत.

ती गेल्यावर बाळासोंना फोन केला. आजच देऊन येऊ का? ते म्हणाले, "अहो, मांडववाल्याला ॲडव्हान्स दिलाय!"

३ एप्रिल, गुरुवार

भाषण पाठ झालं. आरशापुढं बॅग देऊन बघितली. डावीकडून दिली तर चेहरा चांगला दिसतो.

निंगव्वा आजही ठाण्यात.

६ एप्रिल, रविवार

झाला कार्यक्रम.

मैदान भरलं होतं. हलगी होती, फेटे होते. सयाजीरावांनी पाऊण तास स्वतःच्या प्रामाणिकपणावर भाषण केलं. ठाण्याचे मोठे साहेब आले होते. त्यांना फक्त सत्कार आहे एवढंच सांगितलेलं. बाळासोंकडं सारखे निरखून बघत होते. शेवटी विचारलंच, "तुम्हाला कुठंतरी पाहिलंय. कुठल्या ठाण्याला होता?" बाळासो म्हणाले, "मी आता चादरीत असतो."

मग सूत्रसंचालक ओरडला, "आणि आता, प्रामाणिकपणाचा नवा विक्रम!" मी बॅग घेऊन आलो. हलगी वाजायला लागली. फोटोवाले म्हणाले, "अप्पा, परत एकदा! इकडं बघून!" चार वेळा दिली. साहेब बिचारे हसत घेत होते. शूटिंगची बॅग वाटली असणार.

चौथ्या वेळी त्यांनी चेन उघडली.

तोंडावरचं हसू गेलं. हात वर करून हलगी थांबवली. माईक समोरच होता, त्यांच्या लक्षात नसावं.

"ही कुठून आली?"

"आमच्या कामवालीला सापडली, साहेब. निंगव्वाला."

"तुमच्याकडं कधी आणून दिली?"

पंचवीस मार्च. जिभेवर होतं. पण समोर पाचशे-सहाशे लोक. डावीकडं परातीएवढा मी. पंचवीस ते सहा, बारा दिवस! प्रामाणिकपणाचा पुतळा बारा दिवस बॅग घरात ठेवतो?

"काल संध्याकाळी, साहेब."

टाळ्या. हलगी. सयाजीरावांनी मिठी मारली. पहिल्या रांगेत गिरिजा बसली होती. तिचे हात मांडीवरच होते.

घरी आल्यावर म्हणाली, "पाडव्याच्या आधी मी माळ्यावर जी बॅग झाडली, ती हीच."

मी शाल घडी घालून कपाटात ठेवली.

७ एप्रिल, सोमवार

पेपरात फोटो. डावीकडून. चांगला आलाय.

दुपारी शेजारच्या अक्कम्मा सांगत आल्या. निंगव्वाला सकाळी घरातून उचललं. अटक. चोरीचे पैसे इतके दिवस लपवून ठेवले, रोज विचारून 'बघितलं नाही' म्हणून खोटं सांगितलं, मग घाबरून शेवटी अप्पांकडं आणून दिले. सगळं नीट जुळतं. मीच जुळवून दिलंय, माईकवरून.

बाळासोंकडं पळत गेलो. ते गिऱ्हाईकाला चादर उलगडून दाखवत होते. "कायदा कायद्याचं काम करतो अप्पा. आणि 'काल संध्याकाळी' म्हणालात ते फार बरं केलंत. नाहीतर आज आपण दोघं आत असतो!" गिऱ्हाईकानं माझ्याबरोबर सेल्फी काढला.

घरी आलो. गिरिजाला सगळं सांगितलं. पहिल्यापासून.

ती भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही. शेवटची तव्यावर टाकून मग बोलली.

"बत्तीस वर्षांत तुमी एका पॅसेंजरचा रुपया ठेवला न्हाई. मी माहेरी ते सांगायची, लई मान वर करून. तेव्हा तर कुणी शाल घातली नव्हती तुमाला."

जेवलो नाही. तिनंही आग्रह केला नाही.

८ एप्रिल, मंगळवार

ठाण्यात गेलो. साहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला.

म्हणालो, "साहेब, मी रविवारी खोटं बोललो. निंगव्वानं बॅग पंचवीस मार्चलाच दिली होती. सापडली त्याच दिवशी. बारा दिवस माझ्याकडं होती."

साहेब माझ्याकडं प्रेमानं बघायला लागले. "अप्पा, तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत आता. कामवालीला सोडवायला स्वतःच्या अंगावर घेताय!"

"नाही हो साहेब! मी प्रामाणिक नाही! तो व्हिडिओसुद्धा खोटा. सिनेमा होता. त्यातले इन्स्पेक्टर म्हणजे आमचे चादरवाले बाळासो!"

साहेब हसले. शिपाई हसला. लॉकअपजवळची पोलीसबाईसुद्धा हसली. मी ओरडून सांगत होतो आणि जितका ओरडत होतो तितका त्यांच्या नजरेत मोठा होत होतो.

शेवटी म्हणालो, तिलाच विचारा. तिला आणलं. कालपासूनचं तेच लुगडं. केस विस्कटलेले. साहेबांनी विचारलं, "बॅग अप्पांना कधी दिलीस? खरं सांग."

मी म्हणालो, "निंगव्वा, सांग. पंचवीस तारीख. मंगळवार. सांग की!"

तिनं माझ्याकडं बघितलं.

"अप्पा म्हनले तेच खरं."

"कधी म्हणाले ते? आत्ताचं, की रविवारचं?"

"ते त्यांनाच इचारा. त्यांनी बोलू नको म्हटलं, मी बोलले न्हाई. आता बोल म्हनत्यात. मला काय कळतंय?"

एवढं म्हणून भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

साहेबांनी तिला आत पाठवलं. मग आवाज बदलून म्हणाले, "अप्पा, तिचं म्हणणं ऐकलंत. तोंडी बोलण्यावर काही होत नाही. लेखी काही असेल तर आणा. आणि असेल तर नीट विचार करून आणा. चोरीचा माल बारा दिवस घरात ठेवला म्हणून गुन्हा तुमच्यावर दाखल होईल. वय झालंय तुमचं. घरी जा, आराम करा."

पोलीसबाईनं जाताना विचारलं, फोटो काढू का एक?

९ एप्रिल, बुधवार

लेखी आहे. ही वही.

सकाळी गिरिजाला वाचायला दिली. तिनं उभ्यानंच वाचली, आणि निंगव्वाचा डबा भरायला घेतला. काही पानं फाडावीत असं मनात आलं होतं. पण फाडलेल्या वहीवर कोण विश्वास ठेवणार? राहू देत सगळी.

साहेब, आता हे तुम्ही वाचताय. आधी पंचवीस मार्चचं पान बघा, आणि आधी तिला सोडा. बाकीचं सावकाश वाचा. मी बाहेर बाकावर बसलोय.